फोनला झोप लागली पाहिजे

दुकानात माझ्या टेबलावर काट्याचा एक जुना डीसी पॉवर सप्लाय आहे. त्याच्या लाल-काळ्या वायरी बॅटरीच्या जागी जोडल्या आणि फोन चालू केला, की फोन किती करंट ओढतोय ते काटा सांगतो. रिपेअरिंगवाल्या प्रत्येकाकडे हे असतं, बोर्डावरचं शॉर्टिंग शोधायला. मी ते आणखी एका कामाला वापरतो. फोन पूर्ण चालू होऊ देतो, सिम घालून रेंज येऊ देतो, मग स्क्रीन बंद करतो आणि हात न लावता काट्याकडे बघत बसतो. स्क्रीन चालू असताना तीनशे-साडेतीनशे मिलिअँपिअरवर असलेला काटा खाली उतरायला लागतो. दीडशे, ऐंशी, आणि फोन धड असेल तर शून्याला टेकल्यासारखा. मध्येच एक बारीक झटका येतो. टॉवरची हाक ऐकायला फोन क्षणभर उठलेला असतो. पुन्हा काटा खाली.

दुकानात शिकायला आलेल्या पोरानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दचकला. "काका, बंद पडला काय ओ?"

"नाही. झोपला."

"फोन स्लो झालाय, चार्जिंग टिकत नाही, एखादा फास्ट रॉम टाका" असं म्हणत जो कोणी येतो, त्याला मी आधी एकच विचारतो: रात्री झोपताना किती टक्के होतं आणि सकाळी किती राहिलं? दिवसाचं मी विचारत नाही. दिवसा माणूस फोन वापरतो, त्यात बॅटरी जाणारच. रात्री कुणी हात लावलेला नसताना जे जातं, ते खरं दुखणं. चार हजार एमएएचची बॅटरी. फोन झोपेत सरासरी वीस मिलिअँपिअर घेत असेल तर हिशेबानं दोनशे तास पडून राहील. तोच फोन नीट न झोपता दीडशे घेत राहिला, तर साधारण सत्तावीस तासांत संपेल, तेही कुणी एक फोनसुद्धा न करता. रॉम, म्हणजे कंपनीच्या जागी टाकायचं सॉफ्टवेअर, निवडायचा तर माझ्या लेखी एवढंच पाहायचं: कोणत्या सॉफ्टवेअरवर हा फोन गाढ झोपतो, आणि उठवल्यावर पटकन उठतो.

हे समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. 2014 साली मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत एका दुकानात काउंटरवर होतो. डिस्प्ले बदलणं, चार्जिंग पिन बसवणं, अशी कामं. 2015 च्या जानेवारीत यू यूरेका आला. स्वस्तातला फोन आणि आत सायनोजेन ओएस. सायनोजेनचं नाव तोवर ऐकून होतो. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, 2008 मध्ये बाजारात आला आणि 2009 मध्ये स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं त्याच्यासाठी स्वतः सुधारून घेतलेलं अँड्रॉइड लोकांना द्यायला सुरुवात केली, तेच सायनोजेनमॉड. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, म्हणूनच हे होऊ शकतं. कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे त्या मूळ कोडावर कंपनीनं चढवलेले कपडे. ते उतरवून दुसरे घालता येतात, ही गोष्ट मला तेव्हा केवढी मोठी वाटली होती ते सांगता येणार नाही. आपण पैसे देऊन घेतलेली वस्तू आतूनसुद्धा आपली असू शकते, हे त्या गल्लीत मला पहिल्यांदा कळलं.

पगारातून यूरेका घेतला आणि रात्र रात्र फ्लॅश मारत बसलो. जिओ यायच्या आधीचे दिवस. तीनशे-चारशे एमबीची झिप उतरवायची तर सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह घेऊन जायचं. रिकव्हरीत जायचं, जुनं पुसायचं, नवं टाकायचं, वर गूगलच्या ॲप्सचं पॅकेज. मग लोगोकडे बघत थांबायचं. दर आठवड्याला नवा रॉम. कोणता कसा आहे ते मी हातानं ठरवायचो. स्क्रोल केलं की किती गुळगुळीत वाटतंय, ॲप किती झटकन उघडतंय. बॅटरीचं मात्र पहिल्या दिवशीच्या उत्साहात नीट काही कळत नाही. नवा रॉम रिकामा असतो, त्यामुळे हलका वाटतोच. तीच ॲप्स परत भरली की चौथ्या दिवशी खरं रूप दिसतं.

2016 च्या डिसेंबरात सायनोजेन कंपनीनं या सॉफ्टवेअरचा गाशा गुंडाळला. पण काम करणारी माणसं थांबली नाहीत. 24 डिसेंबरला त्यांनी तोच कोड पुढे नेत लिनिएज ओएस जाहीर केलं. मीही त्याच हिवाळ्यात पुणे सोडून बार्शीला आलो आणि एसटी स्टँडजवळ दुकान टाकलं. नोटाबंदीनंतरचे दिवस होते. ज्यांनी कधी फोनवर पैशाचा व्यवहार केला नव्हता, ती माणसं आता फोन घेऊन पैसे देऊ लागली होती.

इथे आल्यावर रॉम टाकण्याचा अर्थच बदलला. पुण्यात फोन माझा होता. इथे तो दुसऱ्याचा, आणि त्याच्या पोटापाण्याचा.

दूध संकलन करणारे एक भाऊ होते. त्यांच्या फोनवर मी हौसेनं नवा रॉम टाकला. बॅटरी खरोखर सुधारली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, चेहरा उतरलेला. सकाळपासून त्यांना एकही फोन लागत नव्हता. व्हॉट्सॲप चालत होतं, इंटरनेट चालत होतं, कॉल नाही. टँकरवाला फोन करकरून वैतागला आणि परस्पर पुढच्या गावाला निघून गेला. कारण साधं होतं. त्यांचं सिम जिओचं, आणि जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, तेव्हा सगळं फोरजीवर. त्यामुळे कॉल व्हायला फोनमध्ये व्होल्टी चालायला हवं, आणि त्या रॉममध्ये ते चालत नव्हतं. रॉम करणाऱ्यानं "काय चालत नाही" या यादीत ते स्पष्ट लिहिलंही होतं. मी "काय नवीन आहे" एवढंच वाचलं होतं. त्या दिवसाच्या दुधाचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पण तेव्हापासून मी कोणत्याही रॉमची माहिती शेवटाकडून वाचतो. आधी काय बिघडलेलं आहे ते, मग बाकीचं.

दुसरी चूक याहून मोठी होती. एका मुलाचा फोन लोगोवर अडकला होता. फॅक्टरी सॉफ्टवेअरची फाईल मिळाली, तिच्यातल्या आज्ञा न वाचता तशाच चालवल्या. त्यात मोडेमचे दोन विभाग पुसायच्या आज्ञा होत्या. फोन चालू झाला, पण रेंज नाही. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं तर आयएमईआयच्या जागी नुसती शून्यं. त्या विभागांत त्या एका फोनची ओळख असते. दुसऱ्या फोनमधून ती आणता येत नाही. कोणताही दुसरा नंबर लिहून देणारे लोक मिळतात, पण तो गुन्हा आहे आणि मी ते करणार नव्हतो. दीड दिवस झटलो. शेवटी त्या मुलाला माझ्या पैशानं तसाच सेकंडहँड फोन आणून दिला. आता कुठलाही फोन हातात घेतला की पहिलं काम म्हणजे ईएफएस आणि पर्सिस्ट या विभागांची प्रत काढणं. गिऱ्हाइकाच्या नावानं फोल्डर, त्यावर तारीख. फोन नेला तरी प्रत पुसत नाही.

लोकांना वाटतं, बॅटरी वाचवायची म्हणजे प्रोसेसर हळू चालवायचा. मलाही तसंच वाटायचं. कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाकणारा सॉफ्टवेअरचा गाभा, बदलून मी माझ्याच फोनचा वेग एक गिगाहर्ट्झवर बांधून ठेवला होता. आठवडाभरानं पाहतो तर बॅटरी उलट लवकर संपतेय. विचार केला तेव्हा उलगडलं. व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडायला जिथे क्षण लागायचा तिथे आता तीन क्षण लागत होते आणि तेवढा वेळ स्क्रीन जळत होती. फोनमध्ये सर्वांत जास्त खाते ती स्क्रीन. काम झटकन उरकून झोपणारा फोन कमी खातो. रेंगाळत काम करणारा जास्त. मात्र वेग अगदी टोकाला नेला तर व्होल्टेज वाढतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून "गेमिंग कर्नल" म्हणून जे मिळतात ते फोन तापवतात. कर्नलमधला वेग ठरवणारा भाग म्हणजे गव्हर्नर. चांगला गव्हर्नर मधला वेग जास्त वापरतो, गरज पडली तरच वर जातो आणि लगेच उतरतो. हे ठरवणारी माणसं महिनोन्महिने आकडे बदलून बघत असतात. आपण त्यावर बोट ठेवून खेळू नये, असं माझं मत झालंय. रॉमबरोबर जो कर्नल येतो तोच बहुतेक वेळा बरा. बॅटरी वाचवण्याची म्हणून जी ॲप्स मिळतात तीही मी काढून टाकतो. ती बाकीच्या ॲप्सना मारतात, ती ॲप्स पुन्हा उठतात, आणि रात्रभर हेच चालू राहतं.

मग रॉमनं बॅटरी सुधारते ती कशामुळे? बऱ्याचदा त्यात जादू काही नसते. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 आलं, त्याच्याबरोबर डोझ आलं: फोन नुसता पडून असेल, स्क्रीन बंद असेल, तर ॲप्सची कामं साठवून ठेवायची आणि अधूनमधून एकदाच उरकायची. पुढच्या आवृत्त्यांत हे आणखी कडक झालं. तेव्हा बऱ्याच कंपन्या दोनेक वर्षांनी अपडेट थांबवायच्या, फोन जुन्या अँड्रॉइडवर राहायचा आणि ही शिस्त त्याला मिळायचीच नाही. रॉम टाकल्यानं ती मिळायची. शिवाय कंपनीनं भरून दिलेली, काढता न येणारी ॲप्स निघून जातात. गूगलच्या ॲप्सचं पॅकेज मी सर्वांत लहान टाकतो, तेव्हा ते पिको नावाचं असायचं. माणसाला जे लागेल ते तो नंतर घेईल.

2020 च्या सप्टेंबरातली गोष्ट आहे. कोरोनाची साथ होती. पंधरा तारखेपासून राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू झाली. घरोघरी जायचं, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, ॲपवर नोंद करायची. बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावातल्या आशाताई दुकानात आल्या. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, पिशवीत विटेएवढी जड पॉवर बँक. त्यांनी फोन आधी सॅनिटायझरनं पुसला, मग काउंटरवर ठेवला.

"दादा, बाराच्या आत मान टाकतोय ह्यो. चाळीस टक्के दाखवतोय आन् बंद पडतोय. मग नोंदी वहीवर घ्यायच्या आन् रात्री घरी बसून परत भरायच्या. दोन्दा तेच काम."

स्नॅपड्रॅगन 625 चा फोन, चार हजार एमएएचच्या आसपासची बॅटरी. हा प्रोसेसर 14 नॅनोमीटरवर बनलेला, कमी तापणारा. या फोननं दिवस काढायलाच हवा होता. चाळीस टक्क्यांवर बंद पडणं हा मात्र सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. जुन्या बॅटरीवर भार आला की व्होल्टेज एकदम कोसळतं, आकडा काहीही दाखवत असो. थकलेल्या बॅटरीला कोणताही रॉम तरुण करू शकत नाही. हे सांगायला मी कधी कचरत नाही, कारण याच ठिकाणी लोकांची फसवणूक होते. बॅटरी बदलली. फोन रात्रभर दुकानात ठेवून घेतला, त्यांचं सिम आत ठेवूनच. सकाळी त्या कामावर निघण्याआधी फोन परत द्यायचा होता. रात्री दहाला शंभर, सकाळी सहाला एकोणऐंशी. नव्या बॅटरीवर आठ तासांत एकवीस टक्के, फोन नुसता पडून असताना.

कॉम्प्युटरला जोडून बॅटरीस्टॅट्स काढले. रात्रभरात फोनला कोणी कितीदा उठवलं याची सगळी यादी त्यात असते. कंपनीनं दिलेली दोन ॲप्स शेकडो वेळा उठत होती आणि उठली की लवकर निजत नव्हती. बंद करून पाहिली, पुन्हा चालू झाली. आता रॉमचा विचार करायला हरकत नव्हती. पण आधी मी ताईंना विचारलं, बँकेचं ॲप वापरता का? रॉम टाकायला बूटलोडर, म्हणजे फोनचं आतलं कुलूप, उघडावं लागतं. तो उघडला की काही बँकांची ॲप्स चालत नाहीत, आणि फोन हरवला तर आतला माल पहिल्याइतका सुरक्षित राहत नाही. ज्याचा सगळा व्यवहार फोनवर आहे त्याला मी तेव्हाही नको म्हणायचो आणि आजही म्हणतो. ताई म्हणाल्या, "पासबुक हाय की. बँकेत जाऊन भरून आणते."

त्या कंपनीचा तेव्हाचा नियम असा, की बूटलोडर उघडायची परवानगी मागितल्यावर 168 तास थांबायचं. सात दिवस. तोवर ताई नव्या बॅटरीवर आणि पॉवर बँकेवर काम करत राहिल्या. रेंज नसलेल्या दोन वस्त्यांमध्ये फोन टॉवर शोधत राहतो आणि खूप खातो. मी सुचवलं, तेवढ्या वाटेवर एअरोप्लेन मोड लावा. त्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं. बाळंतपणाचा फोन कवा बी येतोय." मी पुढे बोललो नाही. फोन कशासाठी आहे, ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या. बूटलोडर उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यांच्यासमोर बसून आधी ॲपमधल्या न गेलेल्या नोंदी पाठवल्या. अकरा कुटुंबं राहिली होती. शेवटची नोंद जाईपर्यंत दोघंही स्क्रीनकडे बघत होतो. मग फोटो आणि नंबर कार्डावर घेतले. मोहिमेत मध्ये दोन दिवसांची गॅप मिळाली होती, तेवढ्यात काम करायचं होतं. माझ्याकडे तीन रॉम निवडून ठेवलेले होते. एकात सोयींची रेलचेल. पण करणाऱ्यानं सेलिनक्स सैल सोडलेलं, म्हणजे ॲप्सना अडवणारी आतली कडी उघडी. तो मी टाकलाच नाही. दुसरा भलताच चपळ. पण नुसत्या पंधरा मिनिटांच्या वापरात पाठ गरम झाली, आणि जीपीएसला जागा सापडेना. तिसरं अँड्रॉइड 10 वरचं लिनिएज 17.1. साधं, दिसायला कोरं. त्याच्या बिल्ड नियमित येत होत्या आणि महिन्याचे सुरक्षेचे पॅच त्यात होते. ते सांभाळणारं कोणीतरी जागं होतं. रॉम निवडताना मी यालाच सर्वांत जास्त किंमत देतो. हे काम करणारे पुष्कळदा कॉलेजातली पोरं असतात, आपल्या देशातलीही कितीतरी, परीक्षा सांभाळून रात्री कोडवर बसणारी, पैशाची अपेक्षा न ठेवता. त्यांनी हात काढला की रॉम अनाथ होतो. म्हणून रॉम कितीही गाजलेला असला तरी शेवटची बिल्ड कधीची आहे ते बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

लिनिएज टाकलं. कॉल लावून पाहिला, दोन्ही सिमवर. व्होल्टी, जीपीएस, टॉर्च, ब्लूटूथ, मराठी कीबोर्ड. मोहिमेचं ॲप. ॲपमध्ये त्यांच्या लॉगिननंतर काय होतं ते बघायचं राहिलं होतं, ते त्या आल्यावरच होणार होतं. रात्री दहाला शंभर टक्क्यांवर फोन टेबलावर पालथा ठेवला आणि घरी गेलो. सकाळी सहाला शटर उघडलं, चपला काढायच्या आधी फोन उचलला. पंचाण्णव.

नऊ वाजता ताई आल्या. फोन हातात घेऊन त्यांनी आधी बॅटरी बघितली नाही. ॲप उघडलं, नंबर टाकला, आणि उभ्या उभ्या माझ्याच घराची नोंद भरली. माझं वय विचारलं, ऑक्सिमीटर बोटाला लावला, सत्त्याण्णव लिहिलं, सेव्ह केलं. नोंद गेली. मग काउंटरवरच्या बिलाचा फोटो काढून बघितला.

"कॅमेरा वायला वाटतोय."

"अंधारात जरा मऊ येईल फोटो, ताई. कंपनीचा कॅमेरा त्यात यायचा नाही."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. बिलावरची अक्षरं वाचली. "वाचाय येतंय न्हवं, बास झालं."

पंधरा-वीस दिवसांनी स्टँडवर गाठ पडली. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. मी विचारायच्या आधीच त्यांनी फोन पुढे केला. सदतीस टक्के. सकाळी सातला काढला होता म्हणाल्या, त्रेपन्न घरं झाली. पॉवर बँक मात्र पिशवीत तशीच होती. माझी नजर गेलेली बघून त्या म्हणाल्या, "असू द्या दादा. रात्री लाईट जातीया आमच्याकडं," आणि गाडी लागली तशा जागा धरायला पळाल्या.